क्वार्ट्झमध्ये 573 अंशांच्या खालीही जुळं पडतं

क्वार्ट्झची पट्टी तापवताना 573 अंश सेल्सियसच्या खाली ठेवली की जुळे स्फटिक (एकाच तुकड्यात वेगवेगळ्या मांडणीचे भाग) व्हायची भीती नाही, असं धरलं जातं. हे अर्धंच खरं आहे. 573 ओलांडून परत थंड केलं तर डोफिने जुळं (एकमेकांशी 180 अंशांत फिरलेले भाग) जवळपास ठरलेलंच, कारण बीटाची (573 च्या वरचं रूप) अल्फा (खालचं रूप) होताना प्रत्येक भाग दोनपैकी कुठलीही दिशा पकडतो. पण खालीही ताण पुरेसा असेल तर जुळं पडतं. यात सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटत नाहीत, अणू किंचित सरकतात एवढंच. तापमान 573 जवळ जाईल तसा लागणारा ताण झपाट्याने कमी होतो. म्हणून 500 च्या पुढे घट्ट चिमटा किंवा एका बाजूने झोत नकोच.

दाबाचे दोन प्रकार वेगळे ठेवा. सर्व बाजूंनी सारखा दाब संक्रमणबिंदू (रूप बदलायचं तापमान, म्हणजे ते 573) वर ढकलतो, 1000 बारला साधारण 25 अंश. जुळं पाडतो तो एकाच दिशेचा ताण.

तपासणीत हमखास फसगत होते: डोफिने जुळं ध्रुवित प्रकाशात दिसत नाही, ब्राझील जुळं (डाव्या आणि उजव्या वळणाचे भाग एकत्र) दिसतं. अमोनियम बायफ्लोराइडच्या संपृक्त द्रावणात बुडवून पृष्ठ थोडं झिजलं की तिरक्या प्रकाशात डोफिनेच्या सीमा वेड्यावाकड्या दिसतात, ब्राझीलच्या सरळ. हातमोजे, हवा खेळती आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (द्रावण त्वचेला लागलं तर लावायचं) जवळ हवंच. त्याशिवाय बाटली उघडू नका. ब्राझील जुळं वाढीतच पडतं, तापवून जात नाही. तो भाग कापूनच टाकावा लागतो.