पत्र्याच्या खोलीला आतून थर्मोकोल चिकटवू का?

अकोलेकर: गच्चीवर २० × १२ फुटांची खोली आहे. वर जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा, खाली २ इंची चौकोनी पाईपच्या पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे पाईप. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. थर्मोकोल थेट पत्र्याला चिकटवायचा विचार आहे. काम घरीच करणार.

पर्लिन: थर्मोकोल नको, भाऊ. उन्हात पत्रा साठ अंशांच्या वर जातो, तिथे गोंद सुटतो. सॉल्व्हंटचा गोंद तर थर्मोकोलच विरघळवतो. शिवाय तो झटकन पेटतो आणि काळा विषारी धूर सोडतो.

फॉइल लावलेला १० मिमी एक्सएलपीई फोम (पॉलिथिनचा मऊ फोम) घ्या. उतार धरून छत २७० चौ. फूट, म्हणजे २५ चौ. मीटर भरेल. जोड आणि कापाकापी धरून २८ मीटर आणा, रोल १ मीटर रुंद असेल तर. फोम पत्र्याला चिकटवू नका, पर्लिनच्या खालून लावा. वर राहणारी २ इंचांची पोकळी हेच निम्मं काम आहे. फॉइल एकाच बाजूला असेल तर ती खाली, खोलीकडे ठेवा. वर ठेवली की धूळ बसून निकामी होते. खालची चकचकीत बाजू तापली तरी उष्णता फार कमी फेकते.

दर फुटाला १ इंची सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणि त्याखाली मोठा वॉशर. पर्लिनमधलं अंतर ३ फुटांपेक्षा जास्त असेल तर खालून १८ गेज जीआय तार तिरपी ताणा, नाहीतर फोम झोळीसारखा लोंबतो. जोड २ इंच एकमेकांवर चढवून फॉइल टेपने बंद करा.

अकोलेकर: मग पोकळीतली गरम हवा जाणार कुठे?

पर्लिन: खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला १-१ इंच फट सोडा. दोन्हीकडे बारीक जाळी हवीच, उंदीर फोम कुरतडतात.

गळतीवाला: एक गोष्ट सुटली. फोम लागल्यावर गळती कुठून होते ते कळतच नाही, पाणी भलतीकडेच टपकतं. म्हणून आधी वरून प्रत्येक जे हुकचा (पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचा) वॉशर तपासा. बोटाने दाबल्यावर कडक लागला, चिरा दिसल्या, की बदला. पत्र्यावर चढताना पाय पर्लिनच्या रेषेतच ठेवा. आणि पंख्याची वायर फॉइलला टेकू देऊ नका, फॉइलमधून वीज वाहते. मेन स्विच बंद करून वायर पीव्हीसी पाईपमधून घ्या.

चुनाभट्टी: फोमच्या आधी पांढरा रंग करा, ऊन वरच परतवलेलं केव्हाही चांगलं. पत्र्यावर चुना टिकत नाही, पहिल्याच पावसात पोपडे निघतात. पत्रा घासून धुवा, जीआयचा प्रायमर मारा, मग कूल रूफ पेंटचे दोन हात. पत्र्याच्या नाळ्यांमुळे (लाटांसारख्या वळणांमुळे) रंगाचं क्षेत्रफळ ३०० चौ. फुटांच्या आसपास जाईल, साधारण १२ लिटर लागेल. रंग सकाळी ९च्या आत उरका, तापल्या पत्र्यावर तो लगेच सुकतो आणि पकडत नाही.

पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून फूटभर अंतर सोडून ७५ टक्के सावलीचं हिरवं नेट बांधा. तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते, ते छताच्या कामाने थांबणार नाही.