मदत हवी आहे: २२ महिन्यांचा मुलगा बोलत नाही, हाकेला कधी वळतो तर कधी नाही

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडा लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मुलगा २२ महिन्यांचा आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या गावात राहतो. घरी सासू-सासरे आणि आम्ही दोघं. तो ३३व्या आठवड्यातच झाला, वजन १ किलो ८०० ग्रॅम. चौथ्या दिवशी कावीळ वाढली, बिलिरुबिन २१ वर गेलं. निळ्या लाईटखाली ठेवूनही उतरेना म्हणून रक्त बदलावं लागलं. १३ दिवस काचेत होता. घरी सोडताना कानाची तपासणी झाली, कार्डावर 'ओएई पास' असं लिहिलंय. त्यामुळे कानाचा विचार आमच्या मनात कधी आलाच नाही.

मान उशिरा धरली, चालायला १७ महिने लागले. लवकर झालेलं बाळ आहे, धरेल हळूहळू, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंही झालं. आता पळतो, ओट्यावर चढतो. पण बोलणं नाही. 'बा' एवढा एकच आवाज, तोही कशालाही. अंगणात चांदोबा दाखवला की बोट करतो आणि मी बघते आहे ना, हे मान वळवून बघून घेतो. तहान लागली की माझं बोट धरून माठाकडे नेतो. 'बॉल आण' असं नुसतं म्हटलं तर बसून राहतो, हात पुढे करून म्हटलं तर लगेच आणतो. हे माझ्या आत्ता आत्ता लक्षात आलं.

मग मी घरीच बघायला सुरुवात केली. तो खेळत असताना मागे उभी राहून ताटावर डाव वाजवला. पहिल्यांदा दचकला, दुसऱ्यांदा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी हळू हाक मारली तरी वळला आणि थोड्या वेळाने सासऱ्यांनी खच्चून हाक मारली तरी ढिम्म. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, "ऐकू येतंय त्याला, मनात असलं की ऐकतो." सासूबाई म्हणतात, त्याच्या बापानंही तिसऱ्या वर्षी तोंड उघडलं. दीड वर्षाच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा, मोबाईल देऊ नका. घास भरवताना मी मोबाईल लावायचे हे खरं आहे. आता बंद केलाय. पण तेव्हापासून घरात कुणी काही बोललं की मला वाटतं, माझ्यामुळेच झालं.

पंधरा दिवसांपूर्वी अंगणात उसाची ट्रॉली मागे घेत होते. हा ट्रॉलीच्या मागे उकिडवा बसून चमच्याने माती उकरत होता. पाठ ट्रॉलीकडे. मी ओट्यावरून जीव खाऊन ओरडले. त्याने मान वर केली नाही. ट्रॅक्टरचा धडधड आवाज, माझी हाक, कशानेच नाही. शेजारच्या काकूंनी धावत जाऊन उचलला. चमचा चाकाखाली वाकडा झाला, तो मी अजून ठेवलाय. त्या रात्रीपासून मला 'थांबा' हा शब्द ऐकवत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खरंच तीन वर्षांपर्यंत थांबायचं का? कानाची तपासणी एकदा पास झाली असेल तर पुन्हा करायची असते का? आणि साताऱ्याकडे खर्च झेपेल अशी सोय कुठे मिळेल? मिस्टरांचं काम हंगामावर चालतं, पुण्याला आठवड्यातून दोनदा जाणं आम्हाला जमणार नाही.

– कोरेगावची आई


ताई, मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणारी आहे. थांबू नका. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जन्मल्यावर जी ओएई केली, ती कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशींची तपासणी असते. तिथून पुढे आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो का, हे त्यात कळत नाही. ते बेरा चाचणीत कळतं. बिलिरुबिन खूप वाढलं की धोका असतो तो या नसेला आणि मेंदूतल्या श्रवणाच्या केंद्रांना. शंख चांगला, पण पुढची वाट बिघडलेली, अशा बाळाची ओएई पास होते. म्हणूनच पाच दिवसांहून जास्त काळ नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची बेराच करावी असं सांगितलं जातं. तुमचं बाळ १३ दिवस होतं, शिवाय रक्त बदललेलं. त्या कार्डावरच्या 'पास'वर विसंबू नका.

आणि कधी वळतो, कधी नाही, हे त्याच्या मनावर असेलच असं नाही. नसेचा दोष असलेल्या मुलांचं ऐकणं असंच कमी-जास्त होतं. आवाज पोचतो, पण तुटक पोचतो. घरच्यांना ते हट्टासारखं दिसतं. नुसतं वाचून मी निदान सांगत नाही, सांगूही नये. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तरीही असं होतं आणि त्यावर उपाय सोपा असतो. म्हणून बेरा, ओएई आणि पडद्याची टिंपॅनोमेट्री या तिन्ही करून घ्या. बेरा झोपेत करतात. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, म्हणजे तिथे गेल्यावर गाढ झोपेल.

मोबाईल बंद केलात ते बरंच केलंत. दोन वर्षांच्या आत व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. पण घास भरवताना लावलेल्या मोबाईलने हाक ऐकू येईनाशी होत नाही. हा दोष तुम्ही स्वतःवर घेऊ नका.

– कानगोष्ट


मी आरबीएसकेच्या पथकात काम केलंय, सोयीबद्दल मी सांगतो. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तो २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि तोही आपल्याच पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगं, कमतरतेचे आजार, इतर आजार आणि वाढीतला विलंब या चार अंगांनी तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पण तुम्ही पथकाची वाट बघायची नाही. पथक येईपर्यंत चार महिने गेले तर ते तुमच्या लेकराचे गेले.

जिल्हा पातळीवर यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बोलताना आम्ही डीईआयसी म्हणतो. सहसा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं. बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, विशेष शिक्षक, सगळे एकाच ठिकाणी असावेत अशी त्याची रचना आहे. पैसे लागत नाहीत. एखादं पद रिकामं असतं, तेव्हा आधी फोन करून ऑडिओलॉजिस्ट कोणत्या दिवशी असतात ते विचारून घ्या. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून चिठ्ठी घेतलीत तर उत्तम, पण चिठ्ठी नाही म्हणून घरी बसू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि आधार सोबत ठेवा. बिलिरुबिनचा आकडा ज्या कागदावर आहे तो कागद सगळ्यात वर ठेवा, तपासणारा आधी तोच बघेल.

पुढची तपासणी लागली तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, १९८३ पासूनची. केंद्राच्या एडिप योजनेत श्रवणयंत्र आणि गरज पडली तर कॉक्लिअर इम्प्लांटलाही (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) मदत मिळते. जाताना सासूबाईंना बरोबर न्या. तुम्ही दहा वेळा सांगून जे पटणार नाही ते तपासणीच्या खोलीत बसून एकदा बघितलं की पटतं.

– वाईचा दादा


माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. म्हणून त्या बाजूनं सांगते. तुमचा मुलगा चांदोबाकडे बोट करून तुमच्याकडे बघतो, हे वाचून मला बरं वाटलं. माझी लेक त्या वयात बोटच दाखवत नव्हती. तरीही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची शक्यता बघणारी वीस प्रश्नांची एक तपासणी असते, एम-चॅट म्हणतात, ती केंद्रात भरून घ्यायला सांगा. पाच मिनिटं लागतात. आणि वय मोजताना सात आठवडे वजा करा. दोन वर्षांपर्यंत लवकर झालेल्या बाळांचं वय तसंच धरतात.

आम्हालाही तीन वर्षांपर्यंत थांबा असंच सांगितलं होतं. आम्ही थांबलो. तो काळ मला कुणी परत देणार नाही, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, निदानाचा शब्द मिळेपर्यंतही थांबू नका. आजपासून त्याच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून बोला. 'बोल, बोल' असा आग्रह नको. तो माठाकडे नेतो ना, तेव्हा पेला हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत 'पाणी' म्हणा, सोबत अंगठा ओठाला लावून खूण करा, आणि मगच द्या. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही अशी भीती घालतात. तसं होत नाही. खुणेने आधी मागता येतं, त्याचा त्रागा कमी होतो.

आणि अंगणाला आजच फाटक लावा. कडी त्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. पाठीमागून हाक मारून थांबवायचा विचारच सोडून द्या, पुढे जाऊन पंजा उभा करून 'थांब' दाखवायचं. रोज खेळता खेळता. घरातल्या सगळ्यांनी एकच खूण वापरायची.

– रानजाई


तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. तुम्हा तिघांचं वाचून दुसऱ्याच दिवशी आशाताईंकडे गेले. सोमवारी केंद्रात फोन केला, गुरुवारी गेलो. सासूबाई आल्या.

बेराला त्याच्या कपाळावर आणि दोन्ही कानांमागे चिकटपट्टीने तारा लावल्या. सासूबाईंच्या मांडीवर झोपला होता. मशीनच्या पडद्यावर रेघ सरळच जात होती. मॅडमनी आवाज वाढवत नेला, कानातली नळी काढून सासूबाईंच्या कानाला लावली, तर त्या दचकून मागे सरल्या. परत त्याच्या कानात घातली. तो तसाच झोपलेला, रेघ तशीच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराने त्याचे पाय झाकले आणि शेवटपर्यंत हात काढला नाही.

ओएई आजही पास आहे. कानाच्या पडद्यामागे पाणी नाही. कानगोष्ट ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं, नसेचा दोष. तो जागा असताना खुर्चीत बसवून दोन्ही बाजूंनी आवाज सोडूनही बघितलं. मोठे आवाज त्याला कळतात, बोलणं नीट पोचत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बेरा करायची आहे. तोपर्यंत दोन्ही कानांना यंत्र लावून बघायचं ठरलंय, किती फायदा होतो त्यावर पुढचं. एम-चॅट भरला, त्यात काळजीचं काही नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी चालणं बघून पायाचे दोन व्यायाम दिले. दर गुरुवारी बोलावलंय, तिकिटापुरताच खर्च येतो.

फाटक सासऱ्यांनी त्याच रविवारी बसवून घेतलं. पाण्याची खूण त्याने सहाव्या दिवशी केली. माठाकडे न नेता, लांबूनच अंगठा ओठाला लावून माझ्याकडे बघत उभा राहिला.

आता नवी अडचण. कानाच्या साच्यासाठी गुलाबी लुकण भरून माप घेतलंय, यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. पण हा डोक्यावर टोपीसुद्धा ठेवत नाही. यंत्र ओढून फेकेल, हरवेल, तोंडात घालेल. लहान मुलांचं यंत्र सांभाळलेलं कुणी आहे का?

– कोरेगावची आई


छान केलंत ताई. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे, तीही त्याच्या आवडीच्या खेळात हात गुंतलेले असताना. ओढलं तर रागवायचं नाही, काढून ठेवायचं, थोड्या वेळाने पुन्हा लावायचं. रोज थोडं वाढवत न्या. यंत्राला दोरा बांधून तो मागे शर्टाच्या कॉलरला क्लिपने अडकवा, म्हणजे ओढलं तरी पाठीवर लोंबेल, मातीत जाणार नाही.

सगळ्यात आधी एक विचारून घ्या, बॅटरीच्या झाकणाला लहान मुलांसाठीचं लॉक आहे का. नसेल तर मागून घ्या. ती बटणाएवढी बॅटरी गिळली तर धोका असतो. जुन्या बॅटऱ्या दिवाणावर, फ्रिजवर ठेवायच्या नाहीत, डब्यात बंद करून वर ठेवायच्या आणि मोजून ठेवायच्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे सासूबाईंनाही दाखवून ठेवा, दुपारी तो त्यांच्याजवळच असतो ना?

– कानगोष्ट