मदत हवी आहे : गेम, चित्रपट आणि रोजचे वाचन यांसाठी २७ इंची मॉनिटर – आयपीएस घ्यावा की व्हीए?

नमस्कार.

कोथरूडच्या आमच्या घरातील सामाईक संगणकासाठी नवा मॉनिटर घ्यायचा आहे. बरीच शोधाशोध करून पर्याय दोनवर आणले आहेत (आयपीएस आणि व्हीए हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार), परंतु त्या दोहोंतून निवड होत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे. सध्याचा मॉनिटर २१.५ इंची, १९२० × १०८० रिझोल्यूशनचा आणि ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) आहे. खर्चाची मर्यादा ₹२५,००० असून अगदी पटले तर ₹३०,००० पर्यंत जाता येईल. दिवसा त्यावर माझे काम चालते : ई-मेल, एक्सेल आणि मुख्यतः मराठी मजकुराचे वाचन व मुद्रितशोधन. संध्याकाळी अभियांत्रिकीला असलेला मुलगा गेम खेळतो. त्यात झटपट हालचालींचे ऑनलाइन नेमबाजीचे गेम आहेत आणि अंधाऱ्या गुहा-तळघरांतून फिरवणारे मोठे कथाप्रधान गेमही आहेत. रात्री जेवणानंतर याच पडद्यावर चित्रपट पाहिले जातात, कारण बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर वडिलांची बातम्यांची सत्ता आहे आणि ती उलथवण्याचा कोणाचाही विचार नाही. चित्रपट पाहताना एक जण समोर खुर्चीत बसतो आणि दुसरा बाजूच्या दिवाणावर, म्हणजे पडद्याकडे बऱ्यापैकी तिरके पाहत. खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, त्यामुळे दुपारी तीननंतर पडद्यावर थेट उजेड येतो.

आता रिझोल्यूशनबद्दल. आरंभी मुलाचा आग्रह २७ इंची, १०८० च्या मॉनिटरचा होता, कारण तो स्वस्त पडतो आणि त्यावर कार्डाला सेकंदाला फ्रेम्सही (चित्रेही) भरपूर काढता येतात. पण हिशेब केला तेव्हा असे दिसले की आमच्या जुन्या मॉनिटरवर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल आहेत, आणि २७ इंचांवर तेच १०८० रिझोल्यूशन ताणले की ही संख्या ८२ वर येते. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक कदाचित सोसवेल. देवनागरीत मात्र एकाच ओळीच्या उंचीत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, मधे जोडाक्षर आणि खाली उकार असा सगळा संसार मांडायचा असतो, आणि विंडोजच्या निर्मला यूआय फॉन्टमध्ये बारीक आकारात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला भेद दोन-चार पिक्सेलांवर येऊन ठेपतो. मुद्रितशोधन करणाऱ्याला ते पिक्सेल हवेच असतात. २५६० × १४४० रिझोल्यूशनचा २७ इंची मॉनिटर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल देतो, म्हणजे अक्षर आहे त्याहून किंचित रेखीव होते आणि कामाची जागाही वाढते. तेव्हा १४४० हे माझ्यापुरते नक्की झाले आहे.

४के चा (३८४० × २१६०) मोह झाला नाही असे नाही, आणि निव्वळ अक्षरांसाठी तोच सर्वोत्तम हेही मला मान्य आहे. परंतु ४के मध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १४४० मध्ये ३७ लाख आणि १०८० मध्ये २१ लाख. आरटीएक्स ४०६० ला नव्या गेममध्ये सव्वादोन पट भार झेपेल असे वाटत नाही. १४४० वर डीएलएसएसचा (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करण्याच्या कार्डातील सोयीचा) क्वालिटी पर्याय लावला तर कार्ड आतून साधारण १७०७ × ९६० वर चित्र काढून ते मोठे करते, आणि हे त्याच्या आवाक्यातले आहे.

अल्ट्रावाइडचाही (नेहमीपेक्षा रुंद पडद्याचाही) विचार केला, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने ३४ इंची मॉनिटर पूर्वीइतके आवाक्याबाहेर राहिलेले नाहीत. २.३९ : १ या रुंद प्रमाणातले नवे चित्रपट त्यावर जवळजवळ पडदाभर दिसतात. आमच्या घरी मात्र जुने चित्रपट, त्यातही ‘प्रभात’च्या काळातले, अधिक पाहिले जातात, त्यांची चौकट १.३७ : १ च्या आसपासची असल्याने अल्ट्रावाइडवर पडद्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग रिकामाच राहील. शिवाय ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची नेहमीच्या मॉनिटरएवढीच असते, त्यामुळे जुना चित्रपट मोठाही दिसणार नाही. हा पर्याय मी सोडून दिला.

उरला प्रश्न पॅनेलचा, आणि तिथेच गाडी अडली आहे. माझ्या मर्यादेत १४४ ते १८० हर्ट्झचे दोन प्रकारचे मॉनिटर मिळतात. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या उजेडातले प्रमाण) साधारण १००० : १ असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल चित्रपटातली रात्र काळी न दिसता करडी दिसते आणि कडेच्या काळ्या पट्ट्याही उजळतात. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट ३००० : १ किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे चित्रपटासाठी व्हीए हे उघड आहे. परंतु व्हीएकडे तिरके पाहिले की गडद भागातील छटा फिक्या पडतात, आणि आमचा दिवाण नेमका तिरका आहे. म्हणजे समोरच्याला व्हीए चांगला आणि बाजूच्याला आयपीएस. दिवाण हलवता येणार नाही; खोली दहा बाय अकराची आहे.

माझे प्रश्न असे आहेत. व्हीएवर गडद दृश्यांत हालचालीमागे काळसर फराटा राहतो असे म्हणतात. तो प्रत्यक्ष खेळताना किती जाणवतो? तिरके पाहिल्यावर होणारा फिकेपणा चित्रपटाची मजा घालवण्याइतका असतो का? खोक्यावर ‘एचडीआर ४००’ (एचडीआर म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक अधिक दाखवणारे चित्र) लिहिलेल्या मॉनिटरसाठी दोन-तीन हजार अधिक द्यावेत का? आणि ओएलईडीसाठी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो व विझतो) वर्षभर थांबून पैसे साठवणे शहाणपणाचे ठरेल का?

प्रतिसाद १

आपण परिस्थिती नीट मांडली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे : आयपीएस घ्यावा.

व्हीएमध्ये काळ्यावरून गडद करड्या रंगावर जायला पिक्सेलला इतर बदलांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. १४४ हर्ट्झवर एक फ्रेम ६.९ मिलिसेकंद टिकते. पिक्सेलचा बदल त्या अवधीत पुरा झाला नाही की तो पुढच्या फ्रेममध्ये सांडतो आणि आपण म्हणता तो फराटा दिसतो. खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’ या आकड्यावर जाऊ नये, कारण तो सर्वांत अनुकूल परिस्थितीतला असतो किंवा पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो. चिरंजीवांच्या तळघरांतल्या गेममध्ये हा दोष सर्वाधिक दिसेल. मुद्रितशोधन करताना आपण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवत असाल तर पान सरकवताना अक्षरांमागेही तो दिसेल, आणि ही बाब बहुतेक परीक्षणांत सुटते.

आयपीएसच्या करडेपणावर एक स्वस्त उपाय आहे. मॉनिटरच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा ६५०० केल्विनचा मंद दिवा लावावा आणि रात्री मॉनिटरची ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणावी. पॅनेल तेच राहते, पण डोळ्यांना भोवती थोडा उजेड मिळाल्याने काळा रंग अधिक काळा भासतो. हा उपाय न करता आयपीएसला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत.

एचडीआर ४०० साठी वेगळे पैसे देऊ नयेत. त्या प्रमाणपत्रासाठी ४०० निट्सची (निट हे उजेडाचे एकक) कमाल ब्राइटनेस लागते, पण लोकल डिमिंगची अट नसते. आणि पडद्याचे भाग स्वतंत्रपणे मंद करता येत नसतील तर एचडीआरला फारसा अर्थ उरत नाही.

ओएलईडीला चित्रपटात तोड नाही, तरीही आपल्यासाठी मी तो सुचवणार नाही. किंमत हे एक कारण झाले. क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्या प्रकारातल्या बहुतेक पॅनेलमध्ये लाल, हिरवे व निळे उपपिक्सेल एका ओळीत न बसवता त्रिकोणात बसवलेले असतात, त्यामुळे आडव्या रेषांच्या वरच्या-खालच्या कडांना हिरवट-जांभळट झाक येते. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेखा ही आडवी रेषाच असते, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यातच पश्चिमेची खिडकी : उजेडात या पॅनेलचा काळा रंग जांभळट-करडा दिसतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच दुपारी नाहीसे होते. आणि दिवसभर एक्सेलच्या त्याच पट्ट्या एकाच जागी राहिल्या तर बर्न-इनची (पडद्यावर कायमची छाप उमटण्याची) धास्ती वेगळीच.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. शिरोरेखेचा मुद्दा माझ्या वाचनात कुठेच आला नव्हता. एक शंका राहते : मर्यादेच्या वरच्या टोकाला, ₹३०,००० च्या आसपास, काही मिनी-एलईडी मॉनिटर दिसतात आणि त्यांत लोकल डिमिंगही असते. तो मधला मार्ग होऊ शकेल का? शिवाय मुलगा पुढेमागे पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) घेण्याच्या गोष्टी करतो. त्यासाठी आत्ताच काही पाहून ठेवावे का?

प्रतिसाद २

आधीच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण मिनी-एलईडीचा विचार जरूर करावा. त्यात मागचा प्रकाश शेकडो लहान भागांत विभागलेला असतो आणि गडद दृश्यात तो भाग खरोखर विझतो, त्यामुळे आयपीएस पॅनेल असूनही काळा रंग काळा राहतो. खोट एवढीच की उपशीर्षके खालच्या काळ्या पट्टीत येत असतील तर पांढऱ्या अक्षरांभोवती धुकट वलय दिसते, आणि दिवाणावरून तिरके पाहताना ते अधिक पसरते. उपशीर्षके वर, चित्रातच घेता आली तर त्रास कमी होतो. दिवसा कामाच्या वेळी लोकल डिमिंग बंद ठेवावे, अन्यथा पांढऱ्या पानाच्या कडा मधूनच मंद होतात. या किमतीत काही मिनी-एलईडी व्हीए पॅनेलवरही येतात, तेव्हा पॅनेल कोणते ते विचारूनच पुढे जावे.

पीएस५ ला १४४० रिझोल्यूशन सप्टेंबर २०२२ पासून चालते, तेव्हा चित्राची अडचण नाही. मात्र त्याचे व्हीआरआर (फ्रेम्सच्या वेगानुसार मॉनिटरचा वेग बदलण्याची सोय) एचडीएमआय २.१ च्या पद्धतीवर चालते. केवळ फ्रीसिंक (याच सोयीची एएमडीची पद्धत) लिहिलेले असले तर ते मिळेलच असे नाही. दोन मॉडेल सारखीच वाटली तर एचडीएमआय २.१ असलेले घ्यावे, त्यासाठी घसघशीत रक्कम मात्र मोजू नये.

खरेदी शक्यतो दुकानातून करावी. आयपीएसमध्ये कोपऱ्यांतून प्रकाश पाझरण्याचे प्रमाण एकाच मॉडेलच्या दोन नगांत वेगवेगळे असते. टिळक रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या दुकानात, बिल करण्यापूर्वी आपलाच नग खोलून दाखवाल का, असे विचारावे. पेन ड्राइव्हवर एक पूर्ण काळे चित्र, एक मधल्या करड्या रंगाचे चित्र आणि आपल्या नेहमीच्या कामातले बारीक टाइपाचे एक मराठी पान न्यावे. मॉनिटर दुकानाच्या भडक मोडमधून काढून स्टँडर्डवर आणावा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करावा आणि काळे चित्र समोरून व दिवाणाच्या कोनातून पाहावे. डेड (बंद पडलेले) पिक्सेल किती निघाल्यास नग बदलून मिळतो हे लेखी घ्यावे. एक-दोन पिक्सेल अनेकदा वॉरंटीत धरले जात नाहीत.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचे असतात. १४४ आणि १२० यांना २४ ने पूर्ण भाग जातो, ६०, १६५ व १८० यांना जात नाही. म्हणून मॉनिटर १८० चा घेतला तरी रात्री तो १४४ किंवा १२० वर ठेवावा, म्हणजे कॅमेरा संथ फिरताना चित्र अडखळणार नाही. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल आहे का तेही पाहून घ्यावे, कारण काही मॉडेलबरोबर केवळ एचडीएमआयची येते. आणि जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवावा लागतो, नाहीतर नवा मॉनिटरही बरेचदा ६० वरच चालत राहतो.