विषय: बाबांची फाइल, सांगली ते मिरज

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात विश्रामबागच्या घरी बाबा न्हाणीघरात पडले. शेजारच्या काकांनी त्यांना मिरजेला दवाखान्यात नेलं. डोक्याला खोक पडलेली, म्हणून डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दोन वर्षांपूर्वी सांगलीत अँजिओप्लास्टी झाल्यापासून ते क्लोपिडोग्रेल घेतात. पण डिस्चार्ज कार्ड कपाटात, आणि आईला घाबरून गोळीचं नाव आठवेना. इथे रात्रीचे बारा वाजलेले, मी फोनवर एकेक अक्षर सांगत होते.

बाबा आता बरे आहेत. पण जेमतेम दहा किलोमीटरवर त्यांची माहिती पोचू नये, याचं फार वाईट वाटतं. सरकारचं डिजिटल आरोग्य-ओळखपत्र, म्हणजे आभा कार्ड, असतं तर हे टळलं असतं का?

– विश्रामबागची लेक, न्यू जर्सी

---

ताई, बाबा सावरले हे वाचून जीव भांड्यात पडला.

मी इथे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सिस्टीमवर काम करतो आणि तासगावला आईचं आभा मीच काढलं, म्हणून स्पष्ट लिहितो. नुसतं कार्ड काढून टळलं नसतं. आभा म्हणजे १४ आकडी नंबर. रिपोर्ट दिल्लीत कुठे एका जागी साठत नाहीत, ज्या दवाखान्यात तयार झाले तिथेच राहतात. त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे आभा चालवणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेला, जोडलेलं हवं आणि त्यांनी बाबांचे कागद या नंबरला लिंक केलेले हवेत. मग दुसऱ्या डॉक्टरांनी मागणी केली की बाबांच्या मोबाइलवर विचारणा येते: कोणते कागद, कोणत्या तारखांचे, कधीपर्यंत बघू द्यायचे. दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. ही रचना मला मनापासून पटते, कागद ज्याचे त्याच्याच हातात अधिकार.

मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. पण आईच्या दवाखान्यात क्यूआर स्कॅन करून केसपेपर निघाला, नाव-पत्ता आपोआप भरला गेला, आणि डिस्चार्ज समरी मात्र लिंक झालीच नाही. मी दोनदा मागे लागलो तेव्हा झाली. अमेरिकेतही हे आपोआप घडलेलं नाही. २००९ च्या कायद्यानं दवाखान्यांना कॉम्प्युटरवर रेकॉर्ड ठेवण्यासाठी पैसा दिला, २०१६ च्या कायद्यानं माहिती अडवून ठेवायला बंदी केली. मिरजेला तर कर्नाटकातूनही पेशंट येतात, तिथे हे आधी व्हायला हवं.

आणि बाबा बेशुद्ध असते तर मोबाइलवर 'हो' कोण म्हणणार होतं? म्हणून गोळ्या, अ‍ॅलर्जी, रक्तगट आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आजच त्यांच्या पाकिटात ठेवायला सांगा. आभा नंतर.

– तासगावकर, बॉस्टन

---

दादा, चिठ्ठी काल भाच्यानं मराठीत आणि इंग्रजीत लिहिली. एक बाबांच्या पाकिटात, एक आईच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर.

आभा अडलंय. आधारला बाबांचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर आहे, त्यामुळे ओटीपी येत नाही. सोमवारी भाचा त्यांना आधार केंद्रावर नेणार आहे. मग अँजिओप्लास्टी झाली त्या दवाखान्यात जाऊन, डिस्चार्ज समरी लिंक करून घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं मी त्याला बजावलंय.