शब्दचर्चा : 'अनडॉक्युमेंटेड' माणसाला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम
मंडळी, एका लेखाचं भाषांतर हातात आहे आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. विषय असा : गरीब घरांतली माणसं कागदपत्रांशिवाय, मिळेल त्या बोटीने समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात जायला निघतात, आणि वाटेत त्यांचं काय होतं. मूळ लेखात 'अनडॉक्युमेंटेड मायग्रंट' पानोपानी आहे. वर्तमानपत्रांत 'बेकायदा स्थलांतरित' दिसतं. वाहिन्यांवर सरसकट 'घुसखोर'. अहवालांत 'अनियमित स्थलांतरित' सापडलं, पण ते वाचून मला शाळेला दांड्या मारणारा मुलगाच डोळ्यांसमोर आला. 'निर्वासित' लिहावं तर संपादक म्हणतात, ते वेगळे. तुम्ही काय लिहाल?

कोशकीटक
'घुसखोर' आधी बाजूला ठेवा. 'खोर' हा फारसीतून आलेला प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, व्याजखोर, चुगलखोर, भांडखोर. सगळ्यांत सवय आहे, खोड आहे. आयुष्यात एकदाच, तेही जमीन गहाण टाकून बोटीत पाय ठेवणाऱ्याला कसली आली खोड?

'निर्वासित' आणि 'शरणार्थी' यांतला फरक बघण्यासारखा आहे. निर्वासित म्हणजे घालवून दिलेला; कुणीतरी घालवणारा आहे हे शब्दातच आलं. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. एकाची नजर मागे, दुसऱ्याची पुढे. फाळणीनंतर मराठीत पहिला रुळला, हिंदीत दुसरा. तुमच्या संपादकांचा आक्षेप मात्र कायद्यातून आलाय. १९५१ च्या निर्वासितविषयक करारातली व्याख्या छळाच्या भीतीवर उभी आहे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे होणारा छळ. भूक त्यात नाही, कर्ज नाही, सलग तीन वर्षं न पडलेला पाऊस नाही. त्यामुळे परिस्थितीने घालवून दिलेला माणूस मराठीच्या हिशेबाने निर्वासित असला तरी कराराच्या हिशेबाने नसतो. बोटीत मात्र दोघं मांडीला मांडी लावून बसलेले असतात. पुष्कळदा ते दोघं म्हणजे एकच माणूस असतो.

रोखठोक
परवानगी नसताना गेला तर बेकायदाच ना? सरळ शब्द समोर असताना एवढा घोळ कशाला? उद्या चोराला 'अनधिकृत ग्राहक' म्हणाल.

कोशकीटक
हसलो, पण पटलं नाही. तिकीट न काढता गाडीत बसलेल्याला आपण 'विनातिकीट प्रवासी' म्हणतो, 'बेकायदा प्रवासी' नाही. काय नाही तेवढं सांगतो आणि थांबतो. बेकायदा हे विशेषण बांधकामाला लावा, दारूच्या भट्टीला लावा, फार तर प्रवेशाला लावा. अख्ख्या माणसाला लावलं की तो झोपेतही गुन्हाच करत असतो असं होतं.

शिवाय कायदा स्वतःही इतका रोखठोक नाही. त्याच कराराच्या ३१ व्या कलमानुसार, जिवाला धोका असलेल्या ठिकाणाहून थेट आलेल्या निर्वासिताने वेळ न घालवता अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन सबळ कारण दिलं, तर विनापरवाना प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. आणि १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून आपल्या संस्थांना सांगितलं की अशा कामगारांसाठी 'कागदपत्रं नसलेले' किंवा 'अनियमित' असं लिहा. अर्धविराम यांना दिसलेला दांडीबहाद्दर तिथून आला.

रोखठोक
विनातिकीटचा मुद्दा मान्य. पण बोटवाल्याला एवढे पैसे मोजतात, मग विमानाने का जात नाहीत?

वल्हं
रोखठोक, या विषयात सगळ्यांत आधी विचारायला हवा तो प्रश्न तुम्ही विचारलात.

विमानाचं तिकीट बोटीतल्या जागेपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं. पण व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, आणि त्याला परत न्यायचा खर्चही तिच्याच माथी बसतो. युरोपीय संघाचा यासाठी २००१ चा खास निर्देश आहे. म्हणजे सीमेवरचा पहारेकरी खरं तर निघायच्या विमानतळावर, चेक-इनच्या खिडकीपाशी उभा असतो. ज्याच्या बँक खात्यात काही नाही, नावावर काही नाही, त्याला व्हिसा मिळत नाही. उरतो समुद्र, आणि तो दलालाच्या ताब्यात.

आता या दलालाला काय म्हणायचं, तेही ठरवा. मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना एकच 'मानवी तस्करी' चिकटवलेलं आहे. २००० साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार झाला, त्याबरोबर दोन स्वतंत्र पूरक करार आले. एक माणसांच्या व्यापाराबद्दल : फसवून, धाकाने, राबवून घेण्यासाठी माणूस नेणं. दुसरा पैसे घेऊन सीमा ओलांडून देण्याबद्दल, ज्यात जाणारा आपल्या मर्जीने जातो. पहिल्याला 'मानवी व्यापार' आणि दुसऱ्याला 'चोरटी वाहतूक' असं मी लिहीन. 'तस्कर' म्हणजे मुळात चोर, आणि इथे चोरलेलं काहीच नसतं. उलट माल स्वतःच भाडं भरतो.

पण शब्द वेगळे केले म्हणून वाटेवर ते वेगळे राहतात असं समजू नका. सहारा ओलांडून लिबियात पोचलेला मुलगा भाडं भरून निघालेला असतो. तिथे त्याला कोंडतात, मारतात, आणि मारतानाचा आवाज फोनवरून घरच्यांना ऐकवून खंडणी मागतात. सकाळचा गिऱ्हाईक संध्याकाळी ओलीस. काही ठिकाणी यातून वाचायला पैसे मधल्या सराफाकडे ठेवतात आणि माणूस पोचल्याचा फोन आला की खुणेचा आकडा सांगून दलालाला सोडतात. त्याने पैशाची हमी मिळते, जिवाची नाही.

अजून एक. बोट चालवणाऱ्याला बातम्यांत 'तस्कर' म्हणतात. आपल्याकडे तांडेल हा चांगला शब्द आहे, पण तोही इथे खोटा पडतो, कारण खरा दलाल बोटीत चढतच नाही. प्रवाशांतल्याच एखाद्याला, भाडं माफ करून किंवा धाक दाखवून, सुकाणू हातात देतात. किनारा लागला की अटक त्याला. १४ जून २०२३ ला ग्रीसच्या पिलोसजवळ बुडालेल्या ट्रॉलरचं उदाहरण घ्या. लिबियाहून निघालेल्या त्या बोटीत साडेसातशेपर्यंत माणसं असावीत असा अंदाज. वाचली १०४, मृतदेह मिळाले ८२. वाचलेल्यांत एकही बाई नव्हती. बायका-मुलं खालच्या कोठारात होती. वाचलेल्यांपैकी ९ इजिप्शियन पुरुषांवर चोरट्या वाहतुकीचा खटला भरला, आणि ते जवळजवळ वर्षभर तुरुंगात राहिल्यावर, मे २०२४ मध्ये, कालामाताच्या न्यायालयाने बोट आंतरराष्ट्रीय पाण्यात बुडाली, आम्हाला अधिकारच नाही, असं म्हणून तो निकाली काढला.

पानगळ
'अनडॉक्युमेंटेड'कडे परत येऊ? फ्रेंच आणि स्पॅनिश दोन्हींत शब्दशः 'बिनकागदवाले' म्हणतात, आणि फ्रान्समध्ये तर त्या लोकांनीच हे नाव घेऊन मोर्चे काढले. अल्जीरिया-मोरोक्कोकडच्या बोलीत 'हर्रागा' म्हणतात : जाळणारे. सीमा जाळणारे, आणि कागदही जाळणारे. माणूस कुठला हे कळलं नाही तर परत कुठे पाठवणार, असा तो हिशेब.

पण 'कागद नसलेला' हे तरी खरं आहे का? १८ एप्रिल २०१५ ला लिबियापासून काही अंतरावर एक मासेमारी बोट बुडाली. आठशेहून अधिक माणसं गेली, २८ वाचली. वर्षभराने इटलीने ती बोट तळातून वर काढली आणि मिलानच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या क्रिस्तिना कत्तानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक देह तपासायला घेतला. त्यात मालीहून निघालेला साधारण चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या कपड्यात आतून काहीतरी शिवलेलं होतं. उसवून पाहिलं तर शाळेचं प्रगतिपुस्तक. गणितासकट सगळ्या विषयांचे गुण.

कुणी दाखवायला सांगितलं तर दाखवता यावं म्हणून नेलेलं. आता या मुलाला विनाकागद कसं म्हणायचं? कागद होता. तो बघणारी खिडकी नव्हती.

(अवांतर : 'प्रगतिपुस्तक' हा शब्द त्या दिवसापासून मला नीट वाचता येत नाही. याच तपासणाऱ्यांना इरिट्रियाच्या काही मुलांपाशी पुडीत बांधलेली मातीही सापडली होती. आधी त्यांना अमली पदार्थ वाटला.)

भरती
मला दुसऱ्याच शब्दांबद्दल बोलायचंय. अर्धविरामताई, भाषांतरात 'जलसमाधी' येऊ देऊ नका. बोटीला जलसमाधी मिळाली हे ठीक. माणसांना? समाधी घेतात, आपणहून, बसून. कोठारात कोंडलेल्या माणसाने समाधी घेतलेली नसते. 'बुडून मेली' लिहा.

तसंच 'जिवावर उदार होऊन'. वाचायला छान, पण यात बेफिकिरी आहे, थोडी मर्दुमकीही आहे. सेनेगलचे तरुण निघताना म्हणतात, 'बार्सा वाला बार्साख' : बार्सिलोना, नाहीतर बरझख, म्हणजे मेल्यानंतर कयामतीपर्यंतचा मुक्काम. त्यांना तुम्ही जिवावर उदार म्हणा हवं तर. पण मांडीवर वर्षाचं पोर घेऊन बसलेल्या बाईला कसं म्हणाल? ती उदार नाही, ती मोजून बसलेली असते. मोजताना मात्र तिला फसवलेलं असतं. रबरी बोटीत बायका-मुलांना मधोमध बसवतात, कडेची माणसं पाण्यात पडतात म्हणून. पण सांडलेलं इंधन आणि खारं पाणी बोटीच्या बुडाशी, तिथेच साचतं. तासन्‌तास त्यात बसून कमरेखालची कातडी भाजून निघते. उतरवून घेणाऱ्या डॉक्टरांना ही भाजणं बायकांच्याच अंगावर जास्त दिसतात. सुरक्षित जागा ती हीच.

आणि 'जीवरक्षक जॅकेट'! २०१६ च्या जानेवारीत तुर्कस्तानातल्या इझ्मीरमध्ये पोलिसांनी एका कारखान्यातून हजाराहून अधिक बनावट जॅकेटं पकडली. आत पॅकिंगचं सामान भरलेलं, पाणी पिऊन जड होणारं.

कोशकीटक
भरती, यावरून आठवलं. 'जोखीम' म्हणजे धोका हे आपण जाणतोच, पण जुन्या वापरात सांभाळायला दिलेल्या किमती ऐवजालाही जोखीमच म्हणत. 'अंगावर जोखीम आहे, रात्रीचं निघू नका.' तुमच्या त्या बाईच्या मांडीवर जे आहे, त्याला दोन्ही अर्थ लागू.

रोखठोक
'बेकायदा' मागे घेतो. 'विनापरवाना प्रवास' हा माझा कौल. कागदाचं जाऊ दे, परवाना नव्हता एवढं तरी खरं आहे.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. कृतीला 'विनापरवाना प्रवास' आणि माणसांना, जिथे जमेल तिथे, नुसतं 'माणसं' असं ठरवलंय. संपादकांना 'चोरटी वाहतूक' चालेल असं दिसतंय, 'जलसमाधी' मी आधीच दोन ठिकाणी खोडली.

आता शेवटचा परिच्छेद अडलाय. २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची नोंद आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना ठेवते. आकडा तीस हजारांच्या पुढे गेलाय आणि त्यातल्या बहुतेकांचे देह मिळालेले नाहीत. मूळ लेखात त्यांच्या 'नेक्स्ट ऑफ किन'बद्दल लिहिलंय. मी 'वारस' लिहिलं आणि खोडलं. देह नाही तर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही तर वारस नाही. बायको विधवाही नाही, जमिनीवर तिचं नावही चढत नाही, आणि बोटीसाठी काढलेलं कर्ज तेवढं तिचं. 'नातेवाईक' लग्नपत्रिकेतल्यासारखं वाटतं. 'आप्त' फार कोरडं.

भरती
'घरचे' लिहा.

पानगळ
हो, 'घरचे'. डीएनए जुळवायला नमुना द्यायला तेच येतात.