गुडघा नाही, कॅलेंडर बघा

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हाच टेनिसपटू नोव्हाक जोकोविच संपला, आता नुसता ओढतोय, हे मत काही पटलं नाही. जून 2024 मध्ये पॅरिसला मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेची) शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैत पठ्ठ्या विम्बल्डनच्या फायनलमध्ये! स्पेनच्या कार्लोस अल्काराझने तिथे धुतला, हे खरं. पण ऑगस्टमध्ये त्याच अल्काराझला दोन्ही सेट टायब्रेकमध्ये (6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) जिंकून हरवलं आणि ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं.

मात्र तो सामना जास्तीत जास्त तीन सेटचा होता, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. एका दिवसापुरता तो आजही कुणालाही भारी पडतो. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्ये, जास्तीत जास्त पाच सेटचे सात सामने दोन आठवड्यांत काढायचे म्हणजे शरीराला मधल्या एका दिवसात भरून यावं लागतं, आणि पस्तिशीनंतर नेमकं तेच अवघड होत जातं. 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दुखऱ्या पायाने अल्काराझला हरवलं, पण सेमीफायनलला झ्वेरेवविरुद्ध एका सेटनंतर सामना सोडून दिला.

जोकोविचची तुलना रॉजर फेडररशी होते म्हणून एक सांगतो. 2016 ला फेडररच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी विम्बल्डननंतर तो सहा महिने बाहेर बसला आणि 35 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. त्यानंतर 2020-21 मध्ये त्याच खेळाडूला तीन शस्त्रक्रियांनंतरही पूर्वीसारखं परतता आलं नाही. (2021 च्या विम्बल्डनमध्ये तो शेवटचा सेट 0-6 हरला, तो सेट मी अजून परत बघितलेला नाही.)

माझा अंदाज, जोकोविच छोट्या स्पर्धा सोडत जाईल, पण ग्रँड स्लॅम इतक्यात सोडणार नाही. 24 ग्रँड स्लॅम विजेतेपदांवर थांबणाऱ्यातला तो वाटत नाही.