हिरवी बिअर आणि आमचो लिओ

डब्लिनकर: 17 मार्चच्या आयर्लंडच्या राष्ट्रीय सणाबद्दल शिकागोच्या मित्रांनी काल लिहिलंय, "सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे हिरवी बिअर, कॉर्न्ड बीफ-कोबी आणि दिवसभर ढोसणं, अस्सल आयरिश परंपरा!" वाचून डोकं सणकलं. इथल्या एखाद्या खेड्यातल्या पबात हिरवी बिअर मागून दाखवाच, मालक नखशिखांत न्याहाळेल. कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, अमेरिकेत गेलेल्यांच्या ताटात आलं, इथल्या घरात बेकन आणि कोबी. आणि ढोसण्याचं म्हणाल तर 1927 ते 1961 या दिवशी पब कायद्याने बंद असायचे. सोय एकच, डब्लिनचं श्वानप्रदर्शन. तिथे बार चालू असे, त्यामुळे 17 मार्चला भल्याभल्यांना कुत्र्यांचा पुळका यायचा.

शिकागोकर: अहो, किती तापताय! न्यूयॉर्कची मिरवणूक 1762 ची, तुमच्या डब्लिनची सरकारी मिरवणूक 1931 ची. परंपरा कोणाची हो मग? आमची नदी 1962 पासून हिरवी होते. गळती शोधायला प्लंबर जो रंग वापरत, त्यातून सुचलेली कल्पना. पावडर असते नारिंगी, पाण्यात पडली की हिरवीगार. मी पोरांना खांद्यावर घेऊन बघितलंय. तुम्ही बसा कोबी चिरत.

मालवणी माणूस: नदीचा सोडा. आयर्लंडचो पंतप्रधान आमच्या मालवणातल्या वराड गावचो होतो, ता कोण बोलणार? लिओ वराडकर! 2019 च्या डिसेंबरात गावात इलो तेव्हा काय थाट होतो!

कॉर्कची ताई: झालं, आले! जन्म डब्लिनचा, आई आयरिश नर्स. मतं वराडने दिली होती का? आम्हा नर्सेसचं श्रेय नेहमी असंच गिळलं जातं. वडील वराडचे डॉक्टर, म्हणून गावभर बॅनर. आईच्या गावाचं नाव तरी माहीत आहे का कोणाला इथे?

मालवणी माणूस: ताईनू, आडनाव काय लावता तो?

कॉर्कची ताई: आडनावावर काय जाता? माझं आडनाव देशमुख आहे, गावात वीतभर जमीन नाही.

शिकागोकर: मालवणी भाऊंचा हिशोब धरला तर सेंट पॅट्रिक ब्रिटनचा. गुलाम म्हणून पळवून आणलेला. मग सण इंग्लंडला देऊन टाकायचा का?

डब्लिनकर: हे मात्र इथल्या पबात बोलू नका, हात जोडतो.

कॉर्कची ताई: आणि डब्लिनकर, तुम्हीही फार सोवळं नेसू नका. आमच्या वॉर्डातले एक आजोबा त्या दिवशी कोटाला शॅमरॉकची, त्या तिपानी रोपाची, जुडी लावून चर्चला जातात, परत आल्यावर चहा आणि टीव्हीवर मिरवणूक. हे खरंच. पण 17 मार्चच्या रात्री इमर्जन्सीत ड्युटी करून बघा, मग सांगा मला ढोसण्याबद्दल! चिडायचंच असेल तर बटाट्याच्या विनोदांवर चिडा. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली. मी नवी असताना जेवणाच्या सुट्टीत असला एक विनोद केला होता. कोणी काही बोललं नाही. एकीने फक्त ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर गेली.

शिकागोकर: बटाट्याचं मान्य. हिरव्या बिअरचं नाही.

डब्लिनकर: बरं बाबा, इमर्जन्सीचं मान्य. त्यातले निम्मे पर्यटक असतात, एवढं तरी म्हणू द्या.

कॉर्कची ताई: केसपेपर मी लिहिते, तुम्ही नाही.

मालवणी माणूस: 2024 च्या 17 मार्चाक आमच्या लिओन व्हाइट हाउसात बायडेनच्या हातात शॅमरॉकचा भांडा दिल्यान आणि 20 तारखेक राजीनामो जाहीर केल्यान. सण पार पडल्याशिवाय उठाक नाय. आता सांगा, मालवणी नाय तर कोण?

कॉर्कची ताई: डंगार्वन. लिओच्या आईचं गाव. लिहून ठेवा, पुढच्या बॅनरवर लागेल.